सत्याऐंशी उल्लेख

माझा आणि मेंदूचा संबंध छत्तीस वर्षांचा आहे. मेंदू गोगलगायीचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मेंदूवर संशोधन करतो म्हटलं की आमच्या बेलग्रेडमध्ये लोक लगेच सासूच्या विसरभोळेपणावर औषध विचारतात आणि मग गोगलगायीचं नाव काढलं की अशा नजरेने बघतात, की ती सोसायला वेगळा स्वभाव लागतो. तो माझ्याकडे नाही. गोगलगायीच्या मेंदूतल्या काही पेशी चांगल्या मोठ्या असतात, त्यांत काचेची बारीक सुई घालून त्यांची धडधड मोजता येते. माणसाच्या मेंदूत असलं काही करायला गेलं तर माणूस हरकत घेतो. इतकं साधं कारण आहे, पण ते ऐकून घेईपर्यंत कोणी थांबत नाही.

तर गेल्या वसंतात मी ठरवलं, की आपण आता 'शास्त्रीय सल्लागार' व्हायचं. आमच्या संस्थेतली ही शेवटची पायरी. तिथे पोचलेल्या माणसाचा सल्ला कोणी घेत नाही, पण दारावरची पाटी पितळेची होते. माझ्या बरोबरीचे सगळे केव्हाच चढून बसले होते, आणि त्यातल्या दोघांना तर सुई कुठल्या टोकाने धरायची हेही मी शिकवलं होतं. अर्ज एकदा फेटाळला गेला की पाच वर्षं पुन्हा करता येत नाही, आणि मला निवृत्तीला चार राहिली होती. म्हणजे एकच डाव. हे मी बायकोला, झागोर्काला, सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग नीट खेळ." ती एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली आहे आणि तिचं प्रोत्साहन असंच असतं.

या पदासाठी मुख्य अट उल्लेखांची. आपला निबंध दुसऱ्या कोणी आपल्या निबंधात संदर्भ म्हणून घेतला की तो झाला एक उल्लेख. असे शंभर लागतात. तेही आपण तोंडाने सांगून चालत नाही, एका मोठ्या ग्रंथालयातून मोजून, शिक्का मारून आणावे लागतात. माझ्या हिशेबाने माझे दोनशे एक्केचाळीस होते. मी नवा कोट घालून गेलो. खिडकीमागच्या बाईंनी यादीवर बोट फिरवत फिरवत विचारलं, "हे स्तानोयचिच कोण? मोठ्या प्रेमाने तुमचा उल्लेख करतात."

"तो मीच," मी म्हटलं.

"मग ते धरत नाहीत," असं म्हणून त्यांनी एका दमात चौऱ्याण्णव खोडले. त्यानंतर माझ्याबरोबर कधीकाळी एखादा निबंध लिहिलेल्या माणसांनी केलेले पस्तीस गेले. मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, की यातल्या तिघांशी माझं बोलणंसुद्धा नाही, म्हणजे त्यांनी केलेला उल्लेख परक्याने केल्यासारखाच आहे. पण नियमात भांडणाची तरतूद नव्हती. उरले एकशे बारा. माझा जीव भांड्यात पडला. त्या एकशे बारांपैकी सत्याऐंशी एकाच निबंधाचे होते, एकोणीस वर्षांपूर्वी मी एकट्याच्या नावावर छापलेल्या. मंद चुंबकीय क्षेत्रात गोगलगायीच्या मेंदूपेशींची धडधड एक तृतीयांशाने वाढते, असं मी त्यात दाखवलं होतं. तो निबंध म्हणजे माझ्या आयुष्यातली खरी कमाई, असं मी त्या दिवशी घरी येताना बसमध्ये स्वतःला दोनदा सांगितलं.

घरी आलो तर लिफ्टपाशी तिहोमिर उभे. हे आमच्या इमारतीचे अध्यक्ष, कस्टम खात्यातून निवृत्त झालेले, आणि कोणाच्याही हातातला कागद वाचल्याशिवाय त्याला वर जाऊ न देणारे. त्यांनी प्रमाणपत्र वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "शेजारी, ही साधी गोष्ट नाही. इमारतीला कळायला पाहिजे." मी नको म्हटलं. पण ते 'नको' मी जरा हळू आवाजात म्हटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी काळे रुमाल बांधून उभ्या, एकीच्या हातात कॉफीची पुडी, दुसरीच्या हातात साखर. मला पाहून धाकटी भिंतीला टेकली. थोरलीने छातीवर क्रूस काढला आणि दुखवट्याला आणलेली कॉफीची पुडी पाठीमागे लपवली. मी खाली जाऊन पाहिलं. इमारतीच्या दारावर, जिथे आमच्याकडे मेलेल्या माणसांचे कागद लावतात, तिथेच माझा फोटो चिकटवलेला होता. चारी बाजूंनी काळी चौकट. वर माझं नाव, जन्मसाल, आणि खाली लिहिलेलं, की आमचे प्रिय शेजारी डॉक्टर ग्रादिमिर स्तानोयचिच यांना एकशे बारा जणांनी आठवणीत ठेवले आहे. छापखान्यात तेवढा एकच साचा होता, असं तिहोमिरांचं म्हणणं. चौकटीचे जादा पैसे लागत नाहीत, ती आपोआप येते. मी कागद फाडला. पण तोवर पोस्टमनने माझं एक पत्र पाठवणाऱ्याकडे परत धाडलं होतं, आणि पलीकडच्या चौकातल्या बेकरीवालीने झागोर्काला दोन पाव जास्तीचे देऊन हात हातात घेतले होते. झागोर्काने पाव घेतले. उगीच कशाला नाही म्हणायचं, म्हणाली.

मी जिवंत आहे हे सगळीकडे पोचल्यावर मात्र लोकांना त्याचा आनंद कमी आणि मेजवानीची घाई जास्त झाली. आमच्याकडे ज्याचं भलं झालं त्याने बाकीच्यांना खाऊपिऊ घालायचं असतं, आणि भलं व्हायचंय की झालंय एवढी चौकशी कोणी करत नाही. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय सल्लागार, कधी?" मी शनिवार देऊन टाकला. माझ्या अर्जावर समितीची बैठक त्याच्या आधीच्या गुरुवारी होती. झागोर्काने चाळीस माणसांच्या सार्म्यांसाठी, म्हणजे कोबीच्या पानात खिमा आणि भात वळून करतात त्या गुंडाळ्यांसाठी, खारवलेली पानं पिंपातून काढायला घेतली आणि घरभर तो वास भरला.

इथे थांबलो असतो तर मी आज पितळी पाटीमागे बसलो असतो. पण तिहोमिरांनी डोकं चालवलं. ते म्हणाले, "शेजारी, प्रमाणपत्र म्हणजे नुसतं माल असल्याचं तोंडी सांगणं. माल दाखवायला नको? समितीतला एखादा माणूस म्हणाला, की उघडा पेटी, तर?" त्यांचं म्हणणं, मी त्या एकशे बारा निबंधांतलं ते ते पान छापून, माझं नाव आलंय ती ओळ पिवळी करून सोबत जोडावी. मला ते पटलं. खरं सांगायचं तर ती पिवळ्या ओळींची चळत डोळ्यांपुढे येऊन मला गुदगुल्या झाल्या.

आता एक कबुली देतो. मी एकोणीस वर्षं हे उल्लेख मोजत होतो. दर सोमवारी सकाळी कॉफीबरोबर मोजायचो, एक वाढला की दुपारपर्यंत खूश असायचो. पण वाचला एकही नव्हता. माझ्या ओळखीत वाचणारा कोणी नाही. माणूस आपलं नाव यादीत आहे ना एवढं बघतो आणि पुढे सरकतो. लोक आपल्याबद्दल काहीतरी म्हणतायत एवढ्याने पोट भरतं.

पानं छापून आली. जेवणाच्या टेबलावर मी पिवळं पेन घेऊन बसलो आणि इंग्रजी हा झागोर्काचा प्रांत म्हणून ती वाचायला बसली. पहिलं पान तिने वाचलं. "स्तानोयचिचने म्हटलेला परिणाम आम्हाला कुठल्याही प्रकारे आढळला नाही." मी म्हटलं, असेल एखादा. तिने दुसरं घेतलं. "स्तानोयचिचचे अजब आकडे बाजूला ठेवले, तर." तिसऱ्यात एका जर्मन माणसाने मला कंसात टाकून कंसाबाहेर उद्गारचिन्ह दिलं होतं. अकराव्यात लिहिलं होतं, की या विषयात चुकीच्या निष्कर्षांची परंपरा जुनी आहे, उदाहरणार्थ, आणि उदाहरणार्थ मी. विसाव्या पानापर्यंत माझ्या हातातलं पेन सुकलं. एका पाठ्यपुस्तकात प्रकरणाच्या शेवटी विद्यार्थ्यांसाठी प्रश्न होता: स्तानोयचिचच्या प्रयोगात काय चुकलं असावं, किमान चार शक्यता लिहा.

"गुणही दिलेत," झागोर्का म्हणाली. "आठ."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उभ्या उभ्या दोन पेले राकिया प्यालो. माणसाला धक्का बसतो म्हणजे काय होतं, हे मी व्यवसायाने जाणतो. पेशी क्षणभर गप्प होते आणि मग वाटेल तशी धडधडते. माझं तसंच झालं. एकोणीस वर्षं जगभरातले लोक माझ्या नावाने बोटं मोडत होते आणि मी ती बोटं मोजून खूश होत होतो. झागोर्काने उरलेली पानं पालथी ठेवली आणि त्यावर खारवलेल्या कोबीचं भांडं ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत मिलुंकाबाईंकडे गेलो. त्या समितीच्या सचिव. अर्जातला प्रत्येक स्वल्पविराम त्यांना पाठ असतो. मी आडून आडून विचारलं, की समजा उल्लेख चांगल्या अर्थाने नसतील तर. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, फॉर्ममध्ये 'संख्या' असा रकाना आहे. 'कशाबद्दल' असा रकाना नाही. तुमच्या आधीच्या अर्जदाराला तर लोकांनी चोर म्हटलंय, आणि तो एकमताने पास झाला." निघताना मी पिवळ्या पानांचा बेत सांगितला, तेव्हा म्हणाल्या, की ती कृपा करून जोडू नका, नाहीतर समितीला वाचावी लागतील आणि समितीने कधी काही वाचलेलं नाही.

म्हणजे पद पक्कं होतं. पण मान? अर्धं आयुष्य ज्याच्यावर काढलं तो निबंध चुकीचा म्हणतात म्हणजे काय? मी ठरवलं, की या सत्याऐंशी जणांना एक सणसणीत उत्तर लिहायचं. माझे आकडे मी बनवले नव्हते. सुई माझी, गोगलगाय माझी, चुंबक चालू केला की धडधड वाढायची आणि बंद केला की उतरायची, शेकडो वेळा. यांनाच करता येत नसेल, तर चूक यांच्या हातांची. फक्त त्या वेळी आम्ही प्रयोग नेमका कसा करत होतो, याचा तपशील हवा होता, आणि तो माझ्यापेक्षा रादोयकाला जास्त ठाऊक.

रादोयका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची तंत्रसाहाय्यक. गोगलगायींना सांभाळायची, उपकरणं पुसायची, यंत्राची कळ दाबायची. मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर असायचो आणि "चालू", "बंद" असं ओरडायचो. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिच्याकडे गेलो तेव्हा बाहेर जून रणरणत होता आणि तिच्या घरातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. तिने चमचाभर गुलाबाचा मुरंबा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. मी घामाने निथळत विचारलं, "रादोयकामावशी, चुंबक चालू करायला सांगितलं की तू नक्की काय काय करायचीस? पहिल्यापासून सांग."

"काय करणार? खिडकी लावायची, कळ दाबायची."

"खिडकी कशाला?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी विचारलं की माणूस श्वास कशाला घेतो. "अहो, त्या तुमच्या चुंबकाच्या वेटोळ्याला पंखा नव्हता का थंड ठेवायला? तो इकडून, खिडकी तिकडून. मध्ये आम्ही. सरळ प्रोमाया. माझी मान धरली असती, आणि त्या बिचाऱ्या गोगलगायी उघड्या."

प्रोमाया म्हणजे खोलीतून आरपार वाहणारा वारा. आमच्याकडे माणसं दोन लढायांतून आणि चार सरकारांतून धडधाकट निघाली, पण प्रोमायाला टरकून असतात. तिच्याने दात दुखतात, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं जातात, आणि आमचा एक काका तर तिनेच गेला असं घरात एकमत आहे. तेव्हा रादोयकाचं काही चुकलं नव्हतं.

"आणि 'बंद' म्हटलं की?" मी विचारलं.

"कळ बंद, खिडकी उघडी. चांगलंच कोंदायचं हो आत. वेटोळं तापायचं ना, भट्टीसारखी व्हायची खोली. मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे."

मुरंब्याचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. खोली तापली की गोगलगाय तापते आणि गोगलगाय तापली की तिच्या पेशी जोरात धडधडतात, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. चुंबकाचा काडीचा संबंध नव्हता. जर्मनांकडे, जपान्यांकडे, कुठेच कोणी खिडकी लावली नसणार, कारण त्यांना प्रोमायाची अक्कल नाही. मी जगाला गोगलगायीच्या मेंदूचं म्हणून जे रहस्य सांगितलं होतं, ते रादोयकाच्या मानेचं होतं. मला दरदरून घाम फुटला आणि तिने तो पाहून माझ्या खांद्यावर शाल टाकली.

घरी येऊन मी आधी एक सभ्य माणूस करील ते केलं, म्हणजे कोणालाही काही सांगितलं नाही. मग मिलुंकाबाईंना फोन केला आणि एका मित्राच्या वतीने विचारलं, की त्याने स्वतःहून आपला जुना निबंध मागे घेतला तर त्याच्या उल्लेखांचं काय होतं. त्या म्हणाल्या, निबंध गेला की उल्लेख गेले. एकशे बारातून सत्याऐंशी वजा जाता पंचवीस, हे मी मनात केलं आणि त्यांनी तोंडाने केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या मित्राला सांगा, गुरुवारी बैठक आहे. शुक्रवारी त्यांनी हवं ते मागे घ्यावं. शुक्रवारी कोणी काही मोजत नाही." किती समजूतदार बाई. मी निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहून संगणकात तयार ठेवलं, शुक्रवारसाठी, आणि माझ्या विवेकाला सांगितलं, की तीन दिवसांचाच प्रश्न आहे. विवेकाने मान डोलावली. एकोणीस वर्षांत तीन दिवस म्हणजे काय असतात, सांगा.

मंगळवारी झागोर्काने कोबीच्या भांड्याखालची पानं काढली. टेबल हवं होतं तिला. पण ती मास्तरीण, तिला अर्धवट वाचलेलं तसंच टाकवत नाही. सार्म्या वळता वळता एकेक पान बघत होती. एकदम तिचे हात थांबले. म्हणाली, "ग्रादिमिर, इकडे ये आणि बस."

ते पान पूर्वी आमच्याच देशात असलेल्या मारिबोरमधल्या एका प्रबंधाचं होतं, पंधरा वर्षांपूर्वीच्या. लिहिणारी नेझ्का ह्रिबेर्निक. झागोर्काने वाचून दाखवलं. चार वर्षं, तीनशे बारा गोगलगायी, स्तानोयचिचच्या निबंधातली प्रत्येक पायरी पाळून पाहिली, परिणाम एकदाही मिळाला नाही. इतरांनी पुढे लिहिलं होतं, की स्तानोयचिच चुकीचा. तिने तसं लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं: 'निबंधात दोष दिसत नाही. माझे हात या कामासाठी पुरेसे स्थिर नाहीत, हे माझ्या मार्गदर्शकांचं मत मला मान्य करावं लागतं.' त्यानंतर तिच्या नावावर एकही निबंध नव्हता. झागोर्काने शोधून काढलं, की बाई आता मारिबोरमध्ये गाडी चालवायला शिकवतात. नंबरही मिळाला.

"सत्याऐंशी जणांत एकीनेच तुझ्यावर विश्वास ठेवला," ती म्हणाली, "आणि बघ."

त्या दिवशी मी जेवलो नाही. बाकीच्या शहाऐंशी जणांनी मला मूर्ख म्हटलं, ते सहन झालं होतं. हिने मला बरोबर म्हटलं होतं, ते गळ्याखाली उतरेना. बुधवारी सकाळी मी फोन केला. का केला ते खरं सांगतो. ती हसून म्हणेल, की अहो, किती जुनी गोष्ट, मी मजेत आहे, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. आणि मग मी शुक्रवारपर्यंत निवांत थांबेन. अशी आशा होती.

फोन गाडीतल्या मोठ्या आवाजाच्या यंत्रावर लागला. मागून इंजिनाची घरघर. आमची भाषा तिला येत होती, लहानपणी शाळेत शिकली होती. मी नाव सांगितलं. मग ती अगदी शांतपणे, पण मला नव्हे, म्हणाली, "मातिल्दाबाई, गाडी बाजूला घ्या."

"आत्ताच तर गियर पडला," असं एका वयस्कर बाईचा आवाज म्हणाला.

"घ्या बाजूला."

गाडी थांबली. मी सगळं सांगितलं. पंखा, खिडकी, रादोयकाची मान, तापलेली खोली. इशाऱ्याचा दिवा टिकटिक करत राहिला होता, तो कोणी बंद केला नाही. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या हातांचा काही दोष नव्हता. तुम्ही केलेलं बरोबर होतं. तीनशे बाराही."

मग ती म्हणाली, "आमचे सर गेल्या हिवाळ्यात वारले. ते दर नाताळला मला कार्ड पाठवायचे. हात कसे आहेत, असं लिहायचे त्यात, गमतीने. आता मी हे कोणाला सांगू?"

मी डॉक्टर आहे, छत्तीस वर्षं मेंदूत घालवली आहेत, आणि मी पिवळ्या पेनाचं टोपण काढत-लावत बसलो.

"मला सांगा," मातिल्दाबाई म्हणाल्या. "तासाचे पैसे भरलेत मी. गाडी मागे घेणं मला तसंही जमत नाहीये."

आणि नेझ्काने सांगितलं. मला फोन ठेवायला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी धरून राहिलो. पेशी कशी शोधायची, सुई किती हळू उतरवायची, पहिली धडधड कानावर आली की छातीत काय होतं. माझा निबंध तिला ओळीन् ओळ पाठ होता, आकड्यांसकट. पाचव्या पानावरच्या तक्त्यात मी एक साधी बेरीज चुकलो होतो, ती तिने पंधरा वर्षांपूर्वीच मनातल्या मनात दुरुस्त करून घेतली होती, कारण एवढा मोठा माणूस चुकणार नाही, छापणाऱ्यानेच चूक केली असणार, असं तिला वाटलं होतं. आयुष्यात माझं लिहिलेलं इतकं मन लावून कोणी वाचलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि झागोर्काने कोबीचे हात पुसून माझ्या मानेवर हात ठेवला.

सगळं ऐकून झाल्यावर मातिल्दाबाईंनी विचारलं, "आणि त्या माणसाने चूक छापून कबूल केली का?"

"ते अजून फोनवर आहेत," नेझ्का म्हणाली. "त्यांनाच विचारा."

"काय हो, केलीत का?"

मी टेबलाकडे पाहिलं. एकशे साठ सार्म्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"आज करतो," मी म्हटलं.

"आज किती वाजता?" बाईंनी विचारलं.

झागोर्का तोपर्यंत आतून संगणक घेऊन आली होती. तिने तो माझ्यापुढे उघडून ठेवला, शुक्रवारचं पत्र त्यात तयारच होतं, आणि सार्म्यांचं ताट जरा पलीकडे सरकवलं.

"थांबा," मी म्हटलं, "फोन ठेवू नका."